येतो म्हणणारी माणसं

कोरियन आणि जपानी मालिका म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे गोरापान, तुकतुकीत चेहऱ्याचा नायक आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या कॉलेजातल्या मुली. दुसरं म्हणजे 'स्क्विड गेम'मधले गुलाबी कपड्यांतले, मुखवटे चढवलेले बंदूकधारी. दोन्ही चित्रं खोटी नाहीत. पण तेवढ्यावरून या मालिकांविषयी मत बनवणं म्हणजे शिमग्याच्या सोंगावरून गावाची पारख करण्यासारखं आहे.

२०२० च्या टाळेबंदीपासून मी या मालिका नेमानं बघते आहे. मी कविता लिहिणारी बाई. बी.ए. झाले तीही मराठी घेऊन. तेव्हा आज जे सांगणार आहे ती एका साध्या प्रेक्षकाची मतं आहेत. पण एक गोष्ट मात्र कवितेच्या नादामुळेच माझ्या लक्षात आली. या मालिकांमधलं निम्मं नाट्य माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, यात असतं. आणि नेमकं तेच पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी ओळींतून गळून जातं. मराठी माणसाला ते पकडता येतं, कारण ते त्याच्या घरातलंच आहे. त्याविषयीच मला बोलायचं आहे.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण हे वेड कालपरवाचं आहे असा पुष्कळांचा समज असतो. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं १९६१ मध्ये रोज सकाळी एक छोटेखानी मालिका दाखवायला सुरुवात केली. त्या प्रकाराला ते 'दूरचित्रवाणी कादंबरी' म्हणतात, आणि तो प्रघात आजही चालू आहे. त्यातली सर्वांत गाजलेली मालिका 'ओशिन'. एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ असं वर्षभर तिचे २९७ भाग झाले. लेखिका सुगाको हाशिदा. १९०७ सालची गोष्ट. यामागाता भागातल्या एका गरीब शेतकऱ्याची सात वर्षांची मुलगी तांदळाच्या एका पोत्याच्या बदल्यात परक्या घरी कामाला पाठवली जाते. तिथून तिचं सगळं आयुष्य आपण बघतो. जपानमध्ये या मालिकेची सरासरी प्रेक्षकसंख्या ५२ टक्क्यांवर गेली होती.

ती जपानबाहेरही पुष्कळ देशांत गेली. इराणमध्ये तर तिनं भाषेतच घर केलं. ओशिनचं सासरचं आडनाव तानोकुरा. कपड्यांच्या धंद्यात तिनं बरेच टक्केटोणपे खाल्लेले. तेव्हा इराण-इराक युद्धाचे दिवस होते, ओढगस्तीचा काळ होता. इराणी लोक जुन्या, वापरलेल्या कपड्यांना आणि ते विकणाऱ्या दुकानांना 'तानाकुरा' म्हणू लागले. कुठली जपानी शेतकऱ्याची पोर, आणि तिचं आडनाव फारसी भाषेत जुन्या कपड्यांना लागतं! एखाद्या गोष्टीला लोकांनी यापेक्षा मोठं बक्षीस काय द्यावं?

कोरियाची पाळी नंतर आली. २००२ मध्ये केबीएस या वाहिनीवर 'विंटर सोनाटा' ही वीस भागांची प्रेमकथा लागली. अपघात, स्मृतिभ्रंश, बर्फ आणि डोळ्यांत पाणी, असा सगळा मसाला. २००३ पासून ती एनएचकेनं जपानमध्ये दाखवली आणि जपानी बायका, त्यातही माझ्या वयाच्या बायका, अक्षरशः वेड्या झाल्या. मालिकेत दिसलेलं नामी बेट बघायला त्या कोरियाला जाऊ लागल्या, कोरियन भाषेचे वर्ग लावू लागल्या. १९१० ते १९४५ जपाननं कोरियावर राज्य केलं, त्याच्या जखमा दोन्हीकडे अजून पुरत्या भरलेल्या नाहीत, हे लक्षात घेतलं म्हणजे या वेडाकडे नुसतं हसून बघता येत नाही. २००३-०४ मध्ये आलेली 'दे जांग गुम' ही ५४ भागांची मालिका राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्यपदापर्यंत पोचलेल्या स्त्रीची. तीही आशियाभर गाजली.

आपल्या देशात कोरियन मालिका रुजल्या त्या सर्वांत आधी ईशान्येत. २००० मध्ये मणिपूरमध्ये एका बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. ती पोकळी कोरियन वाहिन्यांनी आणि सीड्यांनी भरून काढली. उरलेल्या भारतात मात्र खरी लाट टाळेबंदीत आली. माणसं घरात कोंडलेली, हातात मोबाईल, आणि पलीकडे एक अख्खा न पाहिलेला मुलूख.

मला स्वतःला पहिल्यांदा काय आवडलं सांगू? या मालिका संपतात. कोरियन मालिका साधारण सोळा किंवा वीस भागांची, अलीकडे बाराचीही. जपानी तर दहा-अकरा भागांतच आटोपते, कारण तिथल्या वाहिन्या दर तीन महिन्यांनी नव्या मालिका आणतात. बहुतेक कोरियन मालिका एकाच लेखकानं लिहिलेली असते, आणि असा लेखक बरेचदा बाई असते. शेवट ठाऊक असलेल्या माणसानं गोष्ट सांगायला घेतली की ती कशी बांधेसूद होते, हे आपल्याला दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिकांपासून माहीत आहे. पुढे रोजच्या रतिबाच्या मालिका आल्या, आणि कथेचं दूध कमी अन् पाणी जास्त झालं.

पण मूळ मुद्दा भाषेचा. उदाहरण अगदी उंबऱ्यापासून घेऊ. जपानी घरातलं कुणीही बाहेर निघालं, की दाराशी बूट चढवता चढवता म्हणतं, 'इत्तेकिमास'. पडद्यावर इंग्रजीत कधी 'बाय' उमटतं, कधी 'मी निघालो'. मूळ शब्दांचा अर्थ आहे, 'जाऊन येतो'. आतून उत्तर येतं, 'इत्तेराशाई', म्हणजे 'जाऊन ये'. कोरियन घरातही निघणारा याच अर्थाचं बोलतो. आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला हवं का? आपल्याकडे नुसतं 'जातो' म्हणायची सोयच नाही. कुणी म्हणालंच तर घरातली म्हातारी दटावते, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." आमच्या सोलापुरी दखनीतही 'जाको आतूं' असंच म्हणतात. निघताना परत येण्याचा शब्द देऊन जाणं, ही एक लहानशी प्रार्थनाच असते. 'बाय'मध्ये ती मावत नाही.

परत आल्यावर जपानी माणूस दारातच म्हणतो, 'तादाइमा', आता आलो. घरातलं माणूस 'ओकाएरी' म्हणून त्याला घरात घेतं. कित्येक जपानी मालिकांत एकटा राहणारा माणूस दमून खोलीवर येतो, दिवा लावतो आणि रिकाम्या भिंतींना 'तादाइमा' म्हणतो. ओकाएरी म्हणायला कुणी नसतं. तो एक शब्द त्याच्या एकटेपणाबद्दल जे सांगतो, त्याला पानभर संवाद पुरणार नाहीत. आम्हांला लहानपणी शिकवलं होतं की घरात शिरताना सलाम करावा, घर रिकामं असलं तरी करावा. त्यामुळे तो प्रसंग मला कधी परका वाटला नाही.

तसंच जेवणाचं. कोरियन मालिकेत कुणी कुणाला भेटलं, फोन केला, रुसवा काढायला आलं, की पहिला प्रश्न, 'जेवलास का?' त्यांच्या भाषेत शिजवलेल्या भाताला 'बाप' म्हणतात, आणि बाप म्हणजेच जेवण, जसं आपण भाकरी म्हणतो आणि जेवण समजतो. हे कळल्यावर माझी अम्मी हसून म्हणाली होती, "बराबर है. जो खिलाता, वोइच बाप." इंग्रजीत याचं कधीकधी नुसतं 'कसा आहेस' होतं. पण 'कसा आहेस'ला 'बरा आहे' म्हणून सुटता येतं. 'जेवलास का'ला खरं उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर 'नाही' असेल तर विचारणाऱ्याला उठून ताट वाढावं लागतं.

आणखी एक गंमत. कोरियन माणूस 'माझी आई' म्हणत नाही. 'ऊरी ऑम्मा' म्हणतो, म्हणजे 'आमची आई'. एकुलता एक असला तरी आमचीच. घर आमचं, गाव आमचं. इंग्रजी ओळ त्याचं 'माझी' करून टाकते. आपण मात्र 'आमची आई', 'आमच्याकडे', 'आमचे हे' असंच बोलत आलो आहोत. त्या एका 'आमच्या'त किती माणसं बसलेली असतात, ते ज्याच्या भाषेत आहे त्यालाच कळावं.

हे सगळं माझ्या ध्यानात आलं ते अम्मीमुळे. टाळेबंदीत ती आमच्याकडे होती. ऐंशीच्या घरातली. उर्दू वाचायची, मराठी समजायची, इंग्रजीचा गंध नाही, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनं लांबणीवर पडलेली. दिवस कसा काढायचा? लेकीनं लावून दिलेली मालिका मी बघायची आणि शेजारी बसून तिला दखनीत सांगत जायची. आठवडाभरातच मला कळलं की हे सोपं काम नाही. कारण अम्मी दर दोन वाक्यांनी विचारायची, "ये छोरी उसकू तू बोलती क्या तुम बोलती?"

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मालकाला तेच, नोकराला तेच, देवाला तेच. पण अम्मीला त्यावाचून गोष्ट पुढे नेता येईना. मग मी इंग्रजी ओळींवरची नजर काढून कान द्यायला लागले. कोरियन भाषेत आदर क्रियापदाच्या शेपटीला असतो. वाक्याच्या शेवटी 'यो' आला की अदबीचं बोलणं, 'म्निदा' आलं की त्याहून औपचारिक, आणि शेपूट उडालं की समजावं, हे आता अरे-तुरेवर आले. म्हणून तिथे ओळख होताच वय विचारतात. ती भोचकपणाची चौकशी नसते. वय कळल्याशिवाय पुढचं क्रियापदच ठरत नाही! आणि दोन माणसं जवळ आली, की त्यांतलं एक म्हणतं, 'आता बोलणं खाली ठेवू या.' त्यांच्या भाषेत शब्दशः असंच म्हणतात. हातातलं ओझं खाली ठेवावं तसं बोलणं खाली ठेवायचं. आपण म्हणतो, "अहो-जाहो पुरे आता." कित्येक कोरियन प्रेमकथांमधला खरा प्रेमाचा प्रसंग हाच असतो. नायक-नायिका एकमेकांना हातही लावत नाहीत, फक्त एक शेपूट गळतं, आणि अम्मी उशीला टेकता टेकता म्हणायची, "अब हुआ."

आणखी एक सांगायचं म्हणजे वाक्याची चाल. कोरियन आणि जपानी या दोन्ही भाषांत आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. 'मी तुला विसरलेलो' म्हणून नट थांबतो, श्वास घेतो, आणि मग 'नाही' म्हणतो. इंग्रजी ओळीनं ते 'नाही' आधीच फोडलेलं असतं. नटाच्या तोंडून वाक्य निम्मं बाहेर पडलेलं असतं आणि वाचणाऱ्याला निकाल कळलेला असतो. मी दखनीत सांगत असे तेव्हा नटाबरोबर थांबता यायचं. त्या घटकाभरात अम्मी माझ्या हाताला धरून असायची.

आता नात्याच्या शब्दांकडे येते. कोरियन भाषेत मोठ्या भावाला मुलगी 'ओप्पा' म्हणते, मुलगा 'ह्यंग' म्हणतो. मोठ्या बहिणीला मुलगी 'ऑन्नी', मुलगा 'नूना'. आणि हे शब्द रक्ताच्या नात्यापुरते नसतात. शेजारी, मित्र, कामावरचा थोरला सोबती, सगळ्यांना लागतात, जसे आपले दादा, ताई, वहिनी, चाचा. इंग्रजी ओळींत त्यांच्या जागी बहुधा नुसतं नाव येतं.

यानं काय नुकसान होतं, ते 'स्क्विड गेम'वरून सांगते. ही मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये आली. कर्जात बुडालेली माणसं पैशासाठी जिवावरचे खेळ खेळतात, अशी गोष्ट. त्यात अली नावाचा एक पाकिस्तानी कामगार आहे. कारखान्याच्या मालकानं त्याचा कित्येक महिन्यांचा पगार थकवलेला, हाताची बोटं यंत्रात गेलेली. हा अली भेटेल त्याला 'साजांगनिम' म्हणतो. साजांगनिम म्हणजे मालक, आपल्याकडचं 'शेठ'. परदेशातून आलेल्या मजुराला पहिला शब्द हाच शिकावा लागतो. सांग-वू नावाचा एक शिकलासवरलेला कोरियन त्याला नूडल्स खाऊ घालतो, बसभाडं देतो, आणि पुढे म्हणतो, मला साजांगनिम म्हणू नकोस, ह्यंग म्हण. थोरला भाऊ म्हण. इंग्रजी ओळीत त्याचं उरतं, 'मला सांग-वू म्हण.' बस, एवढंच.

मी अम्मीला सांगताना 'भाईजान' म्हटलं. दुसरा शब्द शक्यच नव्हता. पुढे सहाव्या भागात गोट्यांचा खेळ येतो. दोघांतला एकच जगणार. हा ह्यंग अलीला फसवतो, त्याच्या पिशवीतल्या गोट्या काढून घेतो आणि तिच्यात खडे भरून ती त्याच्या गळ्यात अडकवतो. आणि अली त्याला शोधत हाका मारत फिरतो, 'ह्यंग, सांग-वू ह्यंग!' इंग्रजी वाचणाऱ्याला एका माणसानं दुसऱ्याला फसवलेलं दिसतं. ऐकणाऱ्याला भावानं भावाला मारलेलं ऐकू येतं. त्या दिवशी अम्मी जेवली नाही. "भाई बोलने लगाया उसकू," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली. अजून कुठे 'ह्यंग' हा शब्द कानावर पडला की मला तिचं ते वाक्य आठवतं.

अलीचं काम करणारा नट अनुपम त्रिपाठी हा आपल्या दिल्लीचा, कोरियातच अभिनय शिकलेला. त्याचं नाव घेतलं म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२३ मध्ये 'किंग द लँड' या मालिकेत याच नटाला एका अरबी राजपुत्राची भूमिका दिली होती. बायकांच्या गराड्यात बसलेला, उधळ्या, छचोर राजपुत्र. जगभरच्या मुस्लिम प्रेक्षकांनी हरकत घेतली आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. त्याआधी २०१७ मध्येही एका कोरियन वाहिनीला एका विनोदी मालिकेतल्या मुस्लिमांच्या चित्रणाबद्दल माफी मागावी लागली होती. मला याचा राग येण्यापेक्षा नवल वाटलं. आपल्या घरातल्या नात्यांच्या इतक्या बारीक छटा दाखवणाऱ्या लोकांना परका माणूस मात्र एवढा ठोकळेबाज का दिसावा? अली त्यांच्या गल्लीत, त्यांच्या कारखान्यात राबणारा होता. म्हणून तो माणूस झाला. राजपुत्र त्यांनी कुठे जवळून पाहिला नसावा. परक्या माणसाचं चित्र काढताना आपल्याकडचे लेखकही असेच घसरतात, तेव्हा कोरियाला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

दोषांचंच निघालं आहे तर तेही सांगून टाकते. श्रीमंत वारस आणि गरीब मुलगी हे दळण कोरियन मालिका कंटाळा येईपर्यंत दळतात. मध्येच पात्रं उगाच एखाद्या ठरावीक दुकानातली कॉफी पितात आणि आपण ओळखायचं की ही जाहिरात. सगळ्यांची कातडी काचेसारखी, रडल्यावरही न विस्कटणारी. जपानी मालिकांत उलट तऱ्हा. तिथे कधीकधी इतकं काही घडत नाही, की आपण चहा टाकून आलो तरी माणूस खिडकीतून बाहेरच बघत असतो.

आणि अदबीच्या भाषेलाही एक काळी बाजू आहे. जी भाषा थोरल्याला मान देते तीच धाकट्याला दाबूनही ठेवते. २०१४ ची 'मिसेंग' ही मालिका एका कंपनीतल्या उमेदवाराची. साहेबांचं बिनशेपटाचं, तुटक बोलणं तो खाली मान घालून ऐकतो. वरच्या माणसानं खालच्याला असं चिरडण्याला कोरियन भाषेत 'गापजिल' असा खास शब्दच आहे. ते बघताना मला आपलं आठवतं. आपण साठीच्या भाजीवालीला 'ए, कशी दिली गं' म्हणतो, वडिलांच्या वयाच्या हमालाला 'अरे' म्हणतो, आणि पंचविशीतल्या साहेबाला 'आपण'. आपल्या क्रियापदांना वय कळतं असं आपण समजतो. पुष्कळदा त्यांना फक्त खिसा कळतो, नाहीतर जात.

अशा वेळी मला 'मिडनाइट डायनर' ही जपानी मालिका जवळची वाटते. २००९ मध्ये सुरू झालेली. तोक्योच्या शिंजुकू भागातल्या एका बोळातली खानावळ, रात्री बाराला उघडून सकाळी सातला मिटणारी. भिंतीवर एकाच जेवणाचं नाव, ते म्हणजे डुकराचं मांस घातलेलं सार. ते काही माझ्या ताटात येणार नाही. पण मालकाचा नियम असा, की सामान घरात असेल तर गिऱ्हाईक मागेल ते करून द्यायचं. मग रात्रपाळीचा कामगार येतो, गुंड येतो, नाचणारी बाई येते, आणि प्रत्येक जण लहानपणीचं काहीतरी मागतो. एक गरीब गायिका गरम भातावर सुक्या माशाचा कीस आणि सोया सॉस मागते. जपानीत त्याला 'मांजराचा भात' म्हणतात. आपल्या कोकणातल्या माणसाला सुकटभात आठवल्याशिवाय राहणार नाही. मालक कुणाला उपदेश करत नाही. गुंडाला आणि गायिकेला एकाच सुरात 'या' म्हणतो. पंचवीस मिनिटांत एक आयुष्य आपल्यापुढे येतं आणि जातं.

शेवटी एका मालिकेविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण तिची नायिका माझ्या जातीची आहे. म्हणजे कविता करणारी. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' ही सोळा भागांची मालिका मार्च २०२५ मध्ये आली. गोष्ट जेजू बेटावरची. नायिकेची आई हेन्यो, म्हणजे पाठीला हवेची टाकी न लावता, नुसता श्वास रोखून समुद्राच्या तळाशी बुडी मारणारी आणि शंख-शिंपले काढून आणणारी बाई. जेजूच्या या पाणबुड्या बायकांच्या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळालं. त्या आईवर ही चिमुरडी एक कविता लिहिते. आई एकोणतिसाव्या वर्षी मरते. मुलीला कवी व्हायचं असतं, पण शाळा सुटते, लग्न होतं, मुलं होतात, धुणी-भांडी, मासळी, कर्ज. वही मागे पडते. तिचं पुस्तक निघतं तेव्हा ती म्हातारी झालेली असते. आपल्याकडच्या किती बायकांची वही अशी कणगीमागे पडून राहिली असेल, याचा हिशेब कुणी मांडायचा?

त्या मालिकेचं मूळ नाव जेजूच्या बोलीत आहे, 'पोक्साक सोगात्सुदा'. सोलच्या माणसाला ते ऐकून 'पुरते फसलात' असं काहीतरी वाटतं. जेजूच्या बोलीत अर्थ आहे, 'फार कष्ट घेतलेत हो तुम्ही'. ही बोली आता थोड्या म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी उरली आहे. युनेस्कोनं २०१० मध्येच ती मरणपंथाला लागल्याचं नोंदवलं. तरी एवढ्या मोठ्या खर्चाच्या मालिकेला तिचं नाव द्यायला ते लाजले नाहीत. घरात दखनी आणि कागदावर मराठी, असं आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला याचं फार अप्रूप वाटलं. कष्टाची दखल घेणारा असा शब्द प्रमाण कोरियनमध्येही आहे, जपानीतही आहे. दुकान बंद करताना, कचेरीतून निघताना तो एकमेकांना म्हणायचा रिवाज आहे. आपल्याकडे कामावरून आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या पुढे करत 'दमलास रे' म्हणायचे, ते हेच.

म्हणून माझी एक सूचना आहे. या मालिका बघायच्या तर मूळ आवाज बंद करू नका. अर्थासाठी ओळी वाचा, पण नात्यासाठी कान द्या. आणि घरात इंग्रजी न येणारी आजी किंवा आजोबा असतील, तर नातवंडाला त्यांच्या शेजारी बसवा आणि मालिका मराठीत, किंवा घरात जी बोली असेल तिच्यात, सांगायला लावा. पोराला पहिल्याच वाक्याला अडखळायला होईल. ही मुलगी त्या माणसाला तू म्हणेल की तुम्ही? आत्या म्हणेल की काकू? निघताना जातो म्हणेल की येतो? इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या बोलण्यातून हे प्रश्नच हळूहळू नाहीसे होत चालले आहेत. ते मूल विचारात पडेल, आजीकडे बघेल. मग आजी सांगेलच.